तासिका गेल्या, तक्ते आले

1920 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, डाल्टन नावाच्या छोट्या गावातल्या हायस्कूलने सकाळच्या ठरावीक तासिका बंद केल्या. आधी गणित करायचे की इतिहास वाचायचा आणि त्यावर किती वेळ घालवायचा, हे मुलेच ठरवू लागली.

ही कल्पना हेलन पार्कहर्स्ट यांची. तरुणपणी त्या विस्कॉन्सिनमधल्या एका खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत शिकवत. खोली एक, मुले चाळीस आणि इयत्ता आठ! एका इयत्तेला शिकवताना बाकीच्या सात इयत्तांनी काय करायचे? मुलांनी आपला अभ्यास आपण पुढे न्यायला शिकणे, हाच त्यावरचा उपाय त्यांना दिसला. पुढे मारिया माँटेसरींसोबत काम करताना हा विचार आणखी पक्का झाला.

डाल्टनमध्ये वर्गखोल्यांच्या जागी विषयांच्या 'प्रयोगशाळा' आल्या. प्रत्येक खोलीत एका विषयाची पुस्तके आणि त्या विषयाचे शिक्षक. महिन्याचा अभ्यास लेखी नेमून दिला जाई आणि विद्यार्थी तो पुरा करण्याचा करार करी. नेमलेले काम किती झाले, याची रेघ तो स्वतःच्या तक्त्यावर ओढी. आवडत्या विषयाची रेघ भराभर वर चढली आणि नावडता विषय तळाशीच राहिला, तर ते लपत नसे. त्यातच एक कडक नियम होता: सगळ्या विषयांचे काम संपल्याशिवाय पुढच्या महिन्याचा करार मिळायचा नाही.

म्हणजे मोकळीक होती, पण ज्याचा त्याला हिशेबही ठेवावा लागे.

1922 मध्ये पार्कहर्स्ट यांचे पुस्तक आले आणि ही पद्धत इंग्लंड, जपानपर्यंत पोहोचली. सोव्हिएत रशियाने मात्र तिला गटाचे रूप दिले. मुलांची तुकडी मिळून काम करी आणि सगळ्यांच्या वतीने एकाने उत्तर दिले तरी चाले. त्यामुळे कोण शिकले आणि कोण नुसते सोबत बसले, हे कळेना. 1932 मध्ये सरकारने ती बंद करून शिक्षकाचा तास पुन्हा आणला. विद्यार्थ्याचा स्वतःचा तक्ता गेला, तिथेच पद्धतीचा कणा मोडला होता.

नेदरलँड्समध्ये आजही शेकडो डाल्टन शाळा आहेत. तिथल्या अनेक प्राथमिक शाळांत मुलांना आठवड्याचा अभ्यास एका कागदावर मिळतो आणि प्रत्येक वाराला एक रंग ठरलेला असतो. काम झाले की मूल त्या दिवसाच्या रंगाने चौकट भरते. कोणता विषय सोमवारीच उरकला आणि कोणता शेवटच्या दिवसापर्यंत ढकलला, हे शिक्षकाने विचारण्याआधी त्याला स्वतःलाच दिसते.