निष्क्रिय आभासी यंत्राचा प्रोसेसर-वापर
एका संगणकावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने चालणाऱ्या दुसऱ्या संगणकास आभासी यंत्र अथवा व्हर्च्युअल मशीन म्हणतात. असे यंत्र निष्क्रिय असतानाही यजमान संगणकाचा प्रोसेसर व्यग्र ठेवू शकते. त्यामुळे वीज वाया जाते व शेजारची यंत्रे मंदावतात.

डॉस ही जुनी प्रणाली काम नसताना प्रोसेसरला थांबण्याची 'हॉल्ट' आज्ञा सहसा देत नाही; ती कळ दाबली जाण्याची वाट पाहत अखंड फिरत राहते. लिनक्सच्या २.६ मालिकेतील आरंभीच्या आवृत्त्यांत कालमापक सेकंदाला १००० ठोके देई व प्रत्येक ठोक्यास यंत्र जागे होई. निष्क्रिय अवस्थेतील अनावश्यक ठोके टाळण्याची सोय २००७ साली आली.

यंत्राच्या आत प्रोसेसर रिकामा, पण यजमानावर व्यग्र दिसल्यास प्रथम ही दोन कारणे तपासावीत.