मध्यमाहरण आणि अवयव

वर्गात्मक त्रिपदीचे अवयव पाडणे हा आज शालेय बीजगणिताचा उंबरठा होय. मधल्या पदाचे असे दोन भाग करावयाचे की, त्यांचा गुणाकार टोकांच्या पदांच्या गुणाकाराइतका यावा. ही रीत आपल्याकडे पूर्वापार चालत आली, असा समज शिक्षकवर्गातही आढळतो. मंचेरियलसारख्या गावी तेलुगू व मराठी मुले या विषयास एकाच संस्कृत नावाने ओळखतात (उर्दूत मात्र अरबी 'अल्-जब्र'वरून आलेले नाव), तेणेकरून तो अधिकच दृढ होतो. नाव खरोखर जुने आहे. रीत तितकी जुनी नव्हे.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास 'बीजगणित' रचिले. त्यांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून नातू चांगदेव याने मठ स्थापिला, हे चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखावरून कळते. वर्गसमीकरणाच्या प्रकरणास त्यांनी नाव दिले मध्यमाहरण. मधले पद तेथे विभागीत नाहीत, नाहीसेच करितात. भुंग्यांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे: थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीकडे गेले, थव्याचे आठ नवमांशही गेले, मागे एक जोडपे राहिले. थवा २क्ष² मानला की २क्ष² − ९क्ष = १८ असे समीकरण येते. श्रीधराचार्यांच्या नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंस ८ ने गुणून ९ चा वर्ग मिळविला की (४क्ष − ९)² = २२५; म्हणून क्ष ६ आणि भुंगे ७२. आपला विद्यार्थी (क्ष − ६)(२क्ष + ३) = ० लिहून तेथेच पोचतो, आणि लवकर पोचतो. द्विपदींच्या गुणाकारातून समीकरण घडते हा विचार इंग्रज गणिती हॅरियट याच्या १६३१ साली मरणोत्तर छापलेल्या ग्रंथात स्पष्ट दिसतो.

सोय झाली खरी. पण दोन्ही अवयव शून्य करून दोन उत्तरे मांडली की मुलांस काम संपलेसे वाटते. आचार्यांची वानरांची दोन उदाहरणे येथे वर्गात अवश्य घ्यावीत. पहिल्यात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळतो, १२ टेकडीवर आहेत. उत्तरे १६ व ४८, दोन्ही मान्य. दुसऱ्यात पंचमांशातून ३ वजा करून जो वर्ग येतो तितकी वानरे गुहेत गेली, एक फांदीवर दिसते. येथे (क्ष − ५०)(क्ष − ५) = ०. पाच घातले तरी समीकरण जुळते. तरीही आचार्य ते टाकतात: पाचाचा पंचमांश १, त्यातून ३ गेले की राशी ऋण होते, आणि ऋण वानरे लोकांस पटत नाहीत.