हार्डटेल : उडीची सायकल आणि पायवाटेची सायकल

पुढच्या चाकाला धक्के शोषणारा चिमटा आणि मागचे चाक मात्र सांगाड्याला थेट, ताठ जोडलेले, अशा रचनेच्या माउंटन बाइकला 'हार्डटेल' म्हणतात. पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअब्सॉर्बर असलेल्या 'फुल सस्पेन्शन' सायकलीपेक्षा ती सहसा हलकी, स्वस्त आणि देखभालीला सोपी असते. दगडगोट्यांच्या पायवाटा आणि मातीच्या उंचवट्यांवरून घ्यायच्या उड्या ही दोन्ही कामे मर्यादित खर्चात एकाच सायकलीने करायची असतील, तर अनुभवी स्वार बहुधा दणकट हार्डटेलचेच नाव घेतात. मात्र 'दणकट' या शब्दाचा अर्थ सर्वांच्या लेखी सारखा नसतो. तो नीट न समजता केलेली खरेदी खिशाला महाग पडते आणि प्रसंगी हाडांनाही.

उगम आणि नावाचा गोंधळ

माउंटन बाइकचा जन्म १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन काउंटीमधील टॅमलपाइस डोंगरावर झाला. तेथील तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या उतारावरून भरधाव सोडत. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधील ब्रेक इतका तापे की आतले वंगण जळून जाई आणि हब उघडून ते पुन्हा भरावे लागे. म्हणून २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे सुरू झालेल्या शर्यतीला 'रिपॅक' हेच नाव पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास या कामासाठी सांगाडा घडवला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजंपर' बाजारात आली आणि ही सायकल मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा धक्के शोषणारा चिमटा विक्रीस आला आणि आज ओळखली जाते ती हार्डटेल आकाराला आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

उड्यांची परंपरा वेगळी आहे. ती बीएमएक्सकडून, म्हणजे मोटोक्रॉसची नक्कल करणाऱ्या मुलांच्या छोट्या चाकांच्या सायकलींकडून आली. या दोन परंपरांच्या संकरातून लहान सांगाड्याची, २६ इंची चाकांची 'डर्ट जम्प' हार्डटेल तयार झाली.

भारतात १९९० च्या दशकात हर्क्युलस आणि हीरो यांच्या जाड टायरच्या, सरळ हँडलच्या सायकली गावोगावी पोचल्या आणि अशा कोणत्याही सायकलीला 'एमटीबी' म्हणण्याचा प्रघात पडला. २००५ मध्ये फायरफॉक्सने या बाजारात पाऊल टाकले आणि त्यानंतर परदेशी बनावटीच्या गिअरच्या सायकलींची निवड वाढत गेली. तरीही दुकानात 'एमटीबी' म्हणून मिळणारी प्रत्येक सायकल डोंगरात नेण्याजोगी असते असे नाही. उडी मारण्याजोगी तर त्यातील फारच थोडी असते.

शेलूची जमीन

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ या स्थानकांच्या मध्ये शेलू आहे. एका बाजूला माथेरान, पेब, चंदेरी यांची डोंगररांग, दुसऱ्या बाजूला उल्हास नदी आणि मधल्या पट्ट्यात भातखाचरे, वाड्या व अलीकडच्या काळात उभी राहिलेली गृहसंकुले असा हा परिसर. सायकलस्वाराला तेथे तीन प्रकारची जमीन भेटते. खाचरांच्या कडेने जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटा भातकापणीनंतर वाळून कडक होतात आणि चाकोऱ्यांच्या कडा टायरला धरून ठेवतात. डोंगरपायथ्याच्या पायवाटा अरुंद, सुट्या मुरमाच्या आणि मुळांच्या असतात. ओढ्यांच्या पात्रात सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टचे गोटे पसरलेले असतात. उन्हाळ्यात ते रिमला ठोकतात, पावसाळ्यात शेवाळाने निसरडे होतात.

कर्जतकडे सरकले की चढ-उतार वाढतात. कोंडिवड्याहून कोंडाणे लेण्यांवरून राजमाचीला चढणारी वाट पायी चालणाऱ्याचीच आहे. तेथे सायकल बराच वेळ खांद्यावर राहते. लोणावळ्याकडून राजमाचीला जाणारा सुमारे पंधरा किलोमीटरचा रस्ता मात्र सायकलस्वारांच्या परिचयाचा आहे. खालापूर तालुक्यातील इर्शाळगड व मोरबे धरणाच्या परिसरातही मुरमाड रस्ते आणि तीव्र उताराच्या पायवाटा यांची अशीच सरमिसळ आढळते.

अशा जमिनीवर हार्डटेलची बाजू भक्कम ठरते. तालुक्याचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक. चिखल, वाळू आणि पाणी यांनी फुल सस्पेन्शनच्या मागच्या सांध्यांतील बेअरिंगे लवकर खराब होतात आणि त्यांचे सुटे भाग गावच्या दुकानात मिळत नाहीत. हार्डटेलच्या मागच्या भागात झिजण्यासारखा सांधाच नसतो. चाकाचा आउट काढणे, आरा बदलणे, चेन जोडणे ही कामे साधा सायकल मेकॅनिकही करू शकतो.

स्वार काय म्हणतात

दणकट हार्डटेलविषयी स्वारांचे जे अभिप्राय वारंवार ऐकू येतात, त्यांत एकवाक्यता कमी आणि विरोध अधिक दिसतो. एकाच सायकलीला एकजण 'न मोडणारी' म्हणतो, दुसरा 'चढावर जीव काढणारी'. दोघेही खोटे बोलत नसतात. पहिल्याने ती उड्यांसाठी वापरलेली असते, दुसऱ्याने पायवाटेवर.

उड्यांच्या सायकलीचा सांगाडा मुद्दाम लहान ठेवतात. सीट खाली, मागच्या चाकाचा चिमटा आखूड, पुढच्या चिमट्याची हालचाल ८० ते १०० मिलिमीटर. त्यामुळे सायकल हवेत वळवता येते, पुढचे चाक सहज उचलते. टायरमध्ये हवा गच्च भरतात आणि बऱ्याचदा गिअर एकच असतो, कारण गिअर बदलणारा नाजूक भाग पडण्यात पहिला मोडतो. स्पेशलाइज्डची 'पी' मालिका, ट्रेकची 'टिकेट' आणि ब्रिटनमधील डीएमआरची 'ट्रेलस्टार' ही या घराण्यातली जुनी-जाणती नावे. ट्रेलस्टारची ओळख तर उड्या आणि पायवाटा दोन्ही झेलणारा सांगाडा अशीच झाली.

पायवाटेच्या हार्डटेलची चाके २७.५ किंवा २९ इंची असतात. चिमट्याची हालचाल १२० ते १४० मिलिमीटर, हँडल पुढे झुकलेल्या कोनात, टायर रुंद आणि हवा कमी. मोठे चाक गोट्यांवरून सहज पुढे जाते आणि उतारावर सायकल स्थिर राहते. चढावर सीट वर घेऊन पाय पूर्ण ताणता येतो. हीच सायकल उंचवट्यांच्या रांगेवर नेली की जड आणि सुस्त वाटते.

शेलूहून डोंगरपायथ्यापर्यंत पॅडल मारत जायचे, चढायचे आणि उतारावर दोन-चार लहान उड्या घ्यायच्या, असा बेत असणाऱ्याला शुद्ध उडीची सायकल अर्ध्या तासात नकोशी होईल. गुडघे दुखू लागतील आणि चढावर गिअरची आठवण येईल. त्याच्या कामाची आहे ती मजबूत चाकांची, पायवाटेची हार्डटेल. याउलट एकाच मैदानात तासन् तास उड्यांचा सराव करणाऱ्याने २९ इंची सायकल घेण्यात अर्थ नाही.

पोलाद विरुद्ध ॲल्युमिनियम हा वादाचा दुसरा विषय. क्रोमोली पोलादात क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांचे मिश्रण असते. त्याचा सांगाडा जड, पण किंचित लवचीक असतो आणि तुटण्याआधी बहुधा वाकून इशारा देतो. विशिष्ट मर्यादेखालचे धक्के पोलाद दीर्घकाळ सोसू शकते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, त्याच्यात प्रत्येक धक्क्याचा थकवा साठत जातो. म्हणूनच उत्पादक ॲल्युमिनियमच्या नळ्या जाड ठेवतात. परिणामी सांगाडा ताठ होतो आणि 'पाठ दुखते' ही तक्रार येते. मात्र कोकणच्या पावसात पोलाद आतून गंजते. दर पावसाळ्यानंतर सीटची नळी काढून पाणी निथळवणे आणि आत तेलाचा हात फिरवणे हा पोलादी सांगाड्याच्या मालकाचा नेम असायला हवा.

उडीचे गणित

साधारण ६० सेंटिमीटर उंचीवरून सपाट जमिनीवर आलेली सायकल ताशी सुमारे १२ किलोमीटर वेगाने खाली आदळते. हा वेग केवळ चिमट्याच्या १० सेंटिमीटर हालचालीत थोपवला, तर सरासरी भार एकूण वजनाच्या सातपट होतो. गुडघे आणि कोपरे दुमडून तोच वेग अर्ध्या मीटरच्या अंतरात थोपवला, तर भार दुपटीच्या थोडाच वर राहतो. मागे शॉकअब्सॉर्बर नसलेल्या सायकलीवर स्वाराचे पाय हाच शॉकअब्सॉर्बर असतो. सीटवर बसून उतरणारा स्वार सांगाडाही मोडतो आणि कंबरही. उताराच्या बाजूने उतरले की धक्का आणखी कमी होतो, म्हणूनच तयार केलेल्या उड्यांना पलीकडे उतरण ठेवलेली असते. शेताच्या बांधावरून सपाट खाचरात मारलेली छोटी उडीही त्यामुळे मोठ्या उडीपेक्षा जास्त ठोकते.

सायकल कोणत्या उडीसाठी आहे, हे अमेरिकेतील 'एएसटीएम एफ २०४३' या मानकातील वर्गांवरून कळते. दुसऱ्या वर्गात खडीचे रस्ते आणि १५ सेंटिमीटरपर्यंतची उडी, तिसऱ्यात खडबडीत वाटा आणि ६१ सेंटिमीटरपर्यंत, चौथ्यात १२२ सेंटिमीटरपर्यंत आणि पाचव्यात त्याहून मोठ्या उड्या येतात. अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत किंवा सांगाड्यावरील चिकटपट्टीवर हा वर्ग दिलेला असतो. जाहिरातीतले छायाचित्र पाहण्यापेक्षा हा आकडा वाचणे अधिक उपयोगाचे, कारण वर्गाबाहेरच्या वापराने सांगाडा मोडल्यास सहसा वॉरंटीही लागू होत नाही.

कुठे मोडते?

सांगाड्याचा नाजूक भाग हँडलच्या नळीखाली, खालची तिरकी नळी जोडली जाते तेथे असतो. या जोडाजवळ रंगाला केसासारखी रेघ दिसली, तर ती केवळ रंगाची आहे असे समजू नये. तो जोड धावताना तुटला तर स्वार थेट तोंडावर पडतो. वेल्डिंग करून घेतलेला असा सांगाडा शहरात फिरण्यापुरताही भरवशाचा नसतो, उडी तर दूरच.

स्वस्त एमटीबीत सर्वप्रथम वाकतो तो मागचा एक्सल. तिच्यात दातेरी चकत्यांचा संच हबवर आट्यांनी बसवलेला फ्रीव्हील असतो. त्यामुळे उजवीकडचे छर्रे टोकापासून दूर आत राहतात आणि एक्सलचा मोठा भाग आधाराविना राहतो. कॅसेट पद्धतीच्या हबमध्ये हा आधार टोकाजवळ असतो. जुनी सायकल घेताना मागचे चाक उचलून फिरवावे आणि चकत्या डगमगतात का ते पाहावे.

त्यानंतर क्रमांक रिमचा. दुहेरी भिंतीची रिम आणि ३२ आरे ही उडीसाठी किमान अपेक्षा. पुढच्या चाकाला क्विक रिलीजच्या बारीक दांडीऐवजी १५ मिलिमीटरचा आरपार एक्सल असेल, तर चिमटा पिळत नाही. चिमटा हवेवर चालणारा असल्यास स्वाराच्या वजनाप्रमाणे त्यात हवा भरता येते. साध्या स्प्रिंगच्या स्वस्त चिमट्यात ती सोय नसते आणि तो लहान उडीतही तळाला ठेकतो. डिस्क ब्रेक चिखलाच्या प्रदेशात आवश्यकच, कारण रिमवर घासणारा ब्रेक वाळूसह रिमही खातो.

अभिप्राय कसे तोलावेत

कोणाचाही अभिप्राय ऐकताना चार गोष्टी विचाराव्यात : स्वाराचे वजन किती, त्याने सायकल कोठे चालवली, किती दिवस चालवली आणि मूळ सुटे भाग बदलले का. पंचावन्न किलोच्या मुलाने सहा महिने जपून वापरलेल्या सायकलीची शिफारस नव्वद किलोच्या माणसाला लागू पडत नाही. 'सायकल उत्तम' म्हणणाऱ्याने चाके, चिमटा आणि ब्रेक बदललेले असतील, तर ती स्तुती केवळ सांगाड्याची होय. खर्चाची मर्यादा असेल तर बहुतेक जाणकारांचा क्रम असा : आधी योग्य मापाचा निर्दोष सांगाडा, मग चाके, मग ब्रेक, त्यानंतर चिमटा आणि सर्वांत शेवटी गिअर. हेल्मेट व गुडघ्यांचे पॅड यांचा खर्च या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरावा. मोठ्या उड्यांसाठी हनुवटीही झाकणारे हेल्मेट घ्यावे.

वाट कोणाची?

या परिसरातील वाटा सायकलींसाठी बांधलेल्या नाहीत. त्या वाडीवरच्या माणसांच्या, गुरांच्या आणि शेतीच्या वाटा आहेत. भाताचा बांध पाणी अडवण्यासाठी असतो. टायरने तो एका जागी ढासळला तर खाचराचे पाणी जाते आणि शेतकऱ्याची मेहनतही. माथेरान व भोवतालचा प्रदेश २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे. वनजमिनीवर माती उकरून उडीचे उंचवटे उभारणे हे परवानगीशिवाय करण्याचे काम नव्हे. सरावाचे उंचवटे खासगी जागेत, मालकाच्या संमतीनेच करावेत.

पावसाळ्याचा मोह विशेष आवरावा. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. मुसळधार पावसात नदीकाठची किंवा कड्याखालची वाट कोणत्याही सायकलीची नसते. माती बसलेली आणि खाचरे मोकळी झालेली असतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने येथे हार्डटेलचा खरा हंगाम.

दणकट हार्डटेल चुका सोसते, पण त्या लपवत नाही. उतरताना पाय ताठ ठेवले, वाट चुकीची निवडली की मागचे चाक लगेच ते जाणवून देते. म्हणूनच नवशिक्याला शिकवणारी सायकल म्हणून जाणकार तिचीच शिफारस करतात. अट एकच : उडी किती आणि पायवाट किती, याचा हिशेब दुकानात जाण्याआधी घरी झालेला असावा.