लष्करी गणवेशाचे घरगुती फेरशिवण

लष्करी गणवेशाचे घरगुती फेरशिवण म्हणजे सैन्याच्या वापरातून बाद झालेले किंवा शिल्लक राहिलेले कपडे घरी उसवून नागरी वापरासाठी पुन्हा शिवणे होय. पुण्यात भारतीय लष्कराच्या दक्षिण कमांडचे मुख्यालय असून पुणे, खडकी व देहूरोड ही कटक मंडळे आहेत. त्यामुळे येथील अनेक घरांना लष्करी कपडा परिचित आहे. जाड, टिकाऊ कापडामुळे त्यापासून विजारी, जाकिटे व पिशव्या करता येतात.

पद्धत

प्रथम पदचिन्हे, फिती व नामपट्टी उसवून काढतात. त्यांच्याखालचे कापड कमी विटलेले असल्याने खूण उरते. तेथे खिसा किंवा ठिगळ लावतात. कापण्यापूर्वी धावदोरा घालून माप अंगावर पाहिले जाते. शिवण्यासाठी १६ किंवा १८ क्रमांकाची सुई व पॉलिस्टरचा दोरा वापरतात. कापडाचे अनेक थर एकत्र येतात तेथे यंत्राचे चाक हाताने फिरवतात.

कायदेशीर बाजू

आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने सैनिक नसलेल्या व्यक्तीने सैनिकी किंवा त्यासारखा पेहराव करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी ३ महिन्यांपर्यंत कारावास, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यापूर्वी अशी तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम १४० मध्ये होती. १५ जानेवारी २०२२ रोजी सादर झालेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या रचनेची लष्कराने स्वतंत्र नोंदणीही केली आहे. त्यामुळे चिन्हे काढणे व मूळ रूप बदलणे याला शिवणकामापलीकडेही महत्त्व आहे.