लेकरू सोडायचं की नाही, हे आईनं ठरवायचं

सकाळी अंगणवाडीत लेकरू सोडायचं, चार वेळा मागं वळून बघायचं आणि खुरपं घेऊन रानाकडं निघायचं, हे आपल्याला नवं नाही. आज त्याच अनुषंगानं आपल्या सोलापूरची एक जुनी गोष्ट सांगतो. दोन दारांची गोष्ट आहे ती.

चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं रविवारची प्रार्थना आणि नाताळचा तारा येतो. पण आपल्या भागात चर्चच्या लोकांनी शाळा काढल्या, दुष्काळात पोरकी झालेली मुलं सांभाळली, बायकांना शिक्षिका केलं. हे काम प्रामुख्यानं अमेरिकन मराठी मिशनचं. या मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली, १८३१ साली नगरला गेली आणि पुढं १८६०च्या दशकात सोलापुरात स्थिरावली. नगरच्या मिशनमधल्या सिंथिया फरार बाईंचं नाव तुम्ही सावित्रीबाई फुल्यांच्या गोष्टीत ऐकलं असेल. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते त्यांच्याकडंच.

सोलापूर म्हणजे कायमचा अवर्षणाचा मुलूख. १८७६ ते ७८च्या दुष्काळात इथली गावंच्या गावं ओस पडली. त्याच सुमारास, १८७७ साली, शहरात कापडाची गिरणी निघाली. तिला आपण आजही जुनी गिरणी म्हणतो. रान पिकेना म्हणून माणसं गिरणीकडं वळली, बायकासुद्धा. मग घरातलं तान्हं कुणी बघायचं? मोठ्या बहिणीनं. म्हणजे तिची शाळा बुडाली.

अशा या शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशनच्या मेरी हार्डिंग बाईंनी बालवर्ग चालवला. गाणी, खेळ, मातीकाम यांतून लहान मुलांना शिकवायचं, ही जर्मनीतल्या फ्रोबेल यांची पद्धत. बाईंनी ती मराठी मुलांसाठी वापरली आणि इथल्या तरुण मुलींना बालवर्गाच्या शिक्षिका म्हणून तयारही केलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. सरकारची अंगणवाडी तर १९७५ साली आली. तेव्हा आपल्या अंगणवाडीच्या एका थोरल्या बहिणीचा पत्ता सोलापूर आहे, हे मुलींना जरूर सांगा.

हे झालं पहिलं दार. सकाळी लेकरू आत जायचं, शाळा सुटली की आईकडं परत यायचं. पाठवायचं की नाही, हे घरचे ठरवायचे.

आता दुसरं दार. सोलापुरात सेटलमेंट हा भाग आहे, सेटलमेंट फ्री कॉलनी आहे. नाव आपण रोज घेतो, पण ते कुठून आलं? इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला आणि काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. १९११च्या कायद्यानं तो फास मुंबई इलाख्यात आवळला. कैकाडी, पारधी, कंजारभाट, टकारी अशा कुटुंबांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड आणून ठेवलं. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर परवाना घ्यायचा, गिरणीत मजुरी करायची. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवायची मुभासुद्धा त्या कायद्यात होती. गुन्हा काय? अमक्या घरात जन्माला आलं, एवढाच.

अशा वसाहतींचा कारभार सरकारनं काही ठिकाणी धर्मसंस्थांकडं सोपवला. सोलापुरात तो काही वर्षं याच अमेरिकन मराठी मिशननं पाहिला. तिथंही शाळा होती, औषधपाणी होतं. काम करणाऱ्यांच्या मनात कळवळा होता, यावर आम्ही शंका घेत नाही. तिथल्या काही मुलांच्या हाती पाटी आली, ती पुढं शिकली, हेही खरं. पण तारेच्या आतल्या आईला कुणी विचारलं नव्हतं, ‘बाई, तुझं लेकरू शाळेत घालू का?’ तिला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती.

गटात आम्ही या गोष्टीवर बोललो तेव्हा वाद झाला. एकीचं म्हणणं, ‘शिक्षण मिळालं ना, मग झालं.’ दुसरी म्हणाली, ‘पिंजऱ्यात दाणे टाकले म्हणून पिंजऱ्याचं घर होत नाही.’ आम्हाला दुसरीचं पटलं. पण पहिलीचंही आम्ही खोडून काढू शकलो नाही. म्हणून ही गोष्ट तुमच्यापुढं ठेवली.

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. भटके-विमुक्त बांधव हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मिशनच्या जुन्या मंडळ्यांत बिशप नसायचे, मंडळीच आपला कारभार बघायची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा अशा मंडळ्या आणि बिशप असलेली अँग्लिकन चर्चं एका छताखाली आली. बाहेरून आलेल्या मिशनचं काम इथल्याच माणसांच्या हाती गेलं.

मैत्रिणींनो, आज आपले गटही सेवा करतात. एकल बाईला शिधा देतो, शाळा सुटलेल्या पोरीला परत बसवतो, पालावरच्या मुलांसाठी वर्ग घेतो. चांगलंच आहे. पण पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढं विचारा: जिच्यासाठी हे करतोय, तिला आधी विचारलं का? आणि ती ‘नको’ म्हणाली, तर आपण ऐकून घेणार का?

पालावर वर्ग घ्यायला जाल, तेव्हा पाटी-पेन्सिल पिशवीतच राहू द्या. आधी तिथल्या आईशेजारी बसा, चहा घ्या आणि तिचं म्हणणं ऐका.