कचेरीची भाषा, घरची भाषा

फेसबुकवर कोणत्या भाषेत लिहावे, असे नांदेड-लातूरकडील आपले तरुण आम्हांस विचारतात. इंग्रजीत लिहिले तर आजीला वाचता येत नाही! या भूमीस हा पेच जुनाच आहे. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. येथील मराठी माणसाने अर्ज उर्दूत केला, अभंग मात्र मराठीतच गाइला. त्यात उर्दूचा द्वेष नव्हता. मराठवाडी बोलीत ते शब्द आजही सुखाने नांदतात. सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट संपली आणि घरात जपलेली मराठी पुढे हळूहळू कचेरीतही आली.

रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांवर आम्ही रागावत नाही. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात, देवनागरी खिळ्यांअभावी, रोमन अक्षरांतच छापले गेले. स्वतः इंग्रज असूनही भाषा त्यांनी मराठीच निवडली होती.