शाळेबाहेरचा पूर्वपक्ष

गोव्यातील पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले ते 1781 ते 1788 या काळात, म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींच्या (आधी जिंकलेल्या प्रदेशांच्या) मागाहून सुमारे अडीच शतकांनी. आणि या उशिरामुळेच सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलातील मराठी लेखनव्यवहार, देवळांतील पुराणवाचन आणि गावच्या पंतोजीची शाळा यांची घडी तेथे फारशी विस्कटली नाही. शेणवीमामाची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शाळेत मुले धूळपाटीवर, म्हणजे धूळ पसरलेल्या फळीवर, बोटाने अक्षरे गिरवीत, मोडी वाचीत आणि पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत (साडेतीनच्या पटीपर्यंत) पाढे एका सुरात म्हणत. हिशेबनीस घडविण्यास ते शिक्षण पुरेसे होते. प्रश्न विचारण्याचे काम मात्र विद्यार्थ्याचे नव्हते.

याउलट हल्ली शाळकरी मुलांच्या छोट्या गटांना संगणकाच्या पडद्यासमोर बसवून प्राचीन ग्रंथांवर सॉक्रेटिसाच्या रीतीने, म्हणजे उत्तर न सांगता प्रश्नांनीच मुलाच्या मतातील विसंगती त्याच्या लक्षात आणून देत, चर्चा घडविली जाते. या रीतीचे नाते भारतीय परंपरेत शोधावयाचे तर न्यायदर्शनाकडे वळावे लागते. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्वनिर्णयासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा पक्ष खोडणारी वितंडा. आपल्याला काहीच ठाऊक नाही असे म्हणत दुसऱ्याचे मत तपासणारा सॉक्रेटिस या वर्गीकरणात बाह्यरूपाने वितंडेत बसतो आणि हेतूने वादात, ही गंमत नैयायिकांना नक्कीच आवडली असती.

गोव्यात संवादाचे रूप सर्वांनीच वापरले. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली रायतूर येथे छापलेल्या मराठी ख्रिस्तपुराणातही श्रोते शंका काढतात आणि पाद्री त्यांचे निरसन करतात. अर्थात तेथे उत्तर आधीच ठरलेले असते, आणि शंका केवळ त्या उत्तरापर्यंत पोहोचण्याची पायरी असते. पेडणे महालातील पालये गावाशी ज्यांच्या घराण्याचे नाते होते आणि बांद्याचे कुलकर्णीपण सोडून जे नाथपंथाकडे वळले, त्या अठराव्या शतकातील सोहिरोबानाथ आंबिये यांचा ‘महदनुभवेश्वरी’ हा ग्रंथ याच भागाच्या वेदान्तचिंतनातून आला. विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे. तरीही असे ग्रंथ जेथे वाचले जात त्या सभामंडपात मूल श्रोताच राहिले.

ज्यात बोलणे खरोखर मोकळे होते तो प्रकार म्हणजे जत्रांतून रात्रभर चालणारा दशावतार. त्यात आख्यानाचा सांगाडा तेवढा ठरलेला असतो आणि संवाद पात्रे आयत्या वेळी रचतात, म्हणून समोरच्याचे म्हणणे नीट ऐकल्यावाचून उत्तर देताच येत नाही. आरंभी काळ्या वेषातला, वेद चोरणारा संकासूर सूत्रधाराशी गावच्या बोलीत हुज्जत घालतो आणि पवित्र मानल्या गेलेल्या गोष्टींना भाबडे, वाकडे प्रश्न विचारतो. नाव शंखासुरावरून आले असले तरी ऐकणाऱ्याला त्यात शंकाच ऐकू येते. पूर्वपक्ष, म्हणजे सिद्धान्ताआधी मांडावयाचा विरोधी पक्ष, इतक्या ठसक्याने त्या महालांत अन्यत्र क्वचितच मांडला गेला असेल, आणि तो मांडणारा तर असुर होता.

1961 साली गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाल्यावर, मूळचे पेडण्याचेच असलेले पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत मराठी प्राथमिक शाळा खेडोपाडी पोहोचल्या आणि पाटीवरचे अक्षर सर्व जातींच्या मुलामुलींचे झाले, ही या इतिहासातील सर्वांत मोठी घटना होय. प्रश्न मात्र धड्याच्या शेवटी छापलेले राहिले, आणि त्यांची उत्तरे त्याच धड्यात सापडत. पडद्यावरच्या चर्चेत हा क्रम उलटतो खरा. परंतु 2020 साली गोव्याच्या डोंगराळ भागांतील मुलांना नेटवर्कसाठी टेकडीवर चढावे लागले होते, आणि आवाज अर्ध्यावर तुटू लागला की अशा वर्गात सर्वांत आधी ऐकू येईनासा होतो तो पूर्वपक्षच.